डिशचं तोंड मिरजेकडे

लोक रानात जातात ते टीव्ही आणि मोबाइल घरी टाकून. आम्ही गेलो ते डिश, सेट टॉप बॉक्स, राउटर, दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं आणि एक रिमोट हरवला तर असू दे म्हणून दुसरा रिमोट घेऊन. परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, "मग गेलात कशाला?" प्रत्येकाला थोडं थोडं सांगून मी दमले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

गोपालपुरा

आम्ही मूळचे मिरजेचे. यजमान विमा कंपनीत होते. बदलीवर जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि आता कुणी जा म्हटलं तरी जाणार नाहीत. घरात मी त्यांना अहो म्हणते. लिहिताना यशवंतराव म्हणते, तेवढंच जरा वजन येतं.

गोपालपुऱ्यात आमच्या गल्लीत दर दोन घरांआड कोचिंगच्या मुलांचं हॉस्टेल आहे. वर्षभर ही मुलं मान खाली घालून गणितं सोडवतात आणि संक्रांतीला त्याचा सूड उगवतात. आपल्याकडे कसं, तिळगूळ द्यायचा, गोड बोला म्हणायचं, हळदीकुंकू करायचं, झालं. जयपुरात त्या दिवशी उजाडल्यापासून आख्खं शहर गच्चीवर. स्पीकर, पतंग आणि 'वो काटा'चा आरडाओरडा. मागच्या संक्रांतीला कुणाच्या तरी मांजाने आमच्या डिशची वायर कापली. यशवंतरावांच्या दृष्टीने ती एक वायर होती. माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळी माझी बहीण उपाशी झोपली.

हे नीट सांगायला हवं. माझी मोठी बहीण सुमनताई मिरजेत एकटी राहते. मुलगा निखिल बंगळूरला असतो. भाऊजी गेल्यापासून तिचं जेवणावरचं मनच उडालं होतं. मग आम्ही एक रीत पाडून घेतली. साडेसातची मराठी मालिका ती तिच्या घरी लावते, मी माझ्या घरी लावते, आणि फोन दोघींच्या कानाला. मालिका चालू असताना दोघी गप्प. जाहिरात लागली की बोलायचं. त्या नणंदेला शिव्या द्यायच्या, धाकट्या सुनेची कीव करायची, साड्यांचे रंग ठरवायचे. ताई ताट मांडीवर घेऊन बसते आणि बोलता बोलता जेवून उठते. फोन नाही आला तर ताट झाकून ठेवते आणि झोपते. वायर तुटली त्या दिवशी तसंच झालं. मला दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीने सांगितलं. ताईला विचारल्यावर तिने कानावर हात ठेवले.

त्यामुळे यशवंतरावांनी जेव्हा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका बसबांधणीच्या कारखान्यात जुनी टेम्पो ट्रॅव्हलर नेऊन तिचं फिरतं घर करून घेतलं, तेव्हा माझी अट एकच होती. गाडी कुठे न्यायची तिथे न्या, साडेसात वाजता मला मालिका दिसली पाहिजे आणि ताईचा आवाज ऐकू आला पाहिजे. बाकी गाडीत काय, मोरी आहे की नाही, गादी मऊ आहे की कडक, मी काही बोलणार नाही.

माणूस हौशी. छपरावर सोलर पॅनेल बसवलं, बाकाखाली बॅटरी, इन्व्हर्टर, भिंतीला छोटा टीव्ही, छपरावर डिश ठोकायला लोखंडी खांब, राउटरसाठी वेगळा अँटेना. कारखान्यातला मिस्त्री म्हणाला, "साहब, इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज होईल अशी वायर टाकून देऊ?" यशवंतराव म्हणाले, "भैया, राजस्थानात सूर्य कधी दांडी मारतो का?" मी तेव्हा पडदे बघत होते, म्हणून मध्ये बोलले नाही.

सांभर

संक्रांतीच्या आधी दोन दिवस आम्ही निघालो. पहिला मुक्काम सांभरला, खाऱ्या तळ्याकाठी. सांभर म्हटल्यावर मला वाटलं होतं की निळं पाणी असेल, लाटा असतील. तसं काही नाही. मैलोगणती पांढरट राखाडी जमीन, मधूनच चकाकणारं पाणी, मिठाचे ढीग, आणि लांब कडेला गुलाबी रेघ. ती रेघ हलली तेव्हा कळलं की रोहित पक्षी आहेत. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिलो. वाऱ्याला मिठाचा वास होता आणि ओठ चाटले तर खारट लागत होते.

यशवंतरावांनी गाडी लावली कडुलिंबाखाली. का, तर दंव पडणार नाही. मग डिश लावायला छपरावर चढले. डिशचं तोंड दक्षिणेला, जरासं पूर्वेकडे करावं लागतं; मोबाइलवर होकायंत्र काढून ते अंशअंश फिरवत होते आणि मी आत टीव्हीसमोर.

"आला?"

"नाही."

"आता?"

"आला. गेला. आला होता, तुम्ही हात का लावलात?"

हे आमचं लग्नापासून चालू आहे. पूर्वी अँटेना होता, आता डिश आहे, माणसं तीच. शेवटी लक्षात आलं की कडुलिंबाच्या फांद्या आड येताहेत. गाडी उघड्यावर काढली, डिश पुन्हा लावली आणि पडद्यावर आमची मालिका आली. यशवंतराव खाली उतरून म्हणाले, "नकाशावर बघ. जयपूरहून मिरज जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आहे. म्हणजे ही डिश तुझ्या माहेराकडे तोंड करून बसलीय." मला ते ऐकून बरं वाटलं, पण त्यांना तसं दाखवलं नाही.

जेवायला बाजारातून फीणी आणली होती. सांभरची फीणी नावाजलेली. आपल्या सुतरफेणीची थोरली बहीण म्हणा. केसाहून बारीक धागे, वरून गरम दूध ओतायचं आणि भिजायच्या आत खायची. पहिल्या जाहिरातीत मी ताईला त्याचंच वर्णन ऐकवलं.

"आणि आज धाकटीने कुठली साडी नेसलीय?" ताईने विचारलं. "सांग बघू, तुझी नजर बघू."

इथे ताईबद्दल अजून एक सांगते. आमच्या माहेरी कुणाचंही लग्न असो, साड्या निवडायला ताईच. तिच्या लेखी निळा असा रंगच नसतो. आकाशी असतो, चिंतामणी असतो, नाहीतर जांभळाकडे झुकणारा असतो. लहानपणी मी 'लाल' म्हटलं की ती म्हणायची, "लाल म्हणजे काय? कुंकवाचा, डाळिंबाचा की विटेचा?" अलीकडे काही महिने मात्र ती स्वतः रंग सांगत नव्हती. मलाच विचारायची, माझी परीक्षा घेतल्यासारखी. मला मजा वाटायची. मी सांगायचे आणि ती "बरोबर, बरोबर" म्हणायची. एवढ्या वर्षांत कधी नव्हे ते मी पास होत होते.

"केशरी," मी म्हटलं.

"बरोबर," ताई म्हणाली आणि भाताचा घास घेतल्याचा आवाज आला.

सकाळी यशवंतरावांनी राउटरच्या कृपेने मराठी पेपर वाचला आणि मी ताईला रोहित पक्ष्यांचा फोटो पाठवला. दुपारी फोन केला तर म्हणाली, "बघितला. छान आहे हो, फारच छान. काय काय होतं तिथे, सगळं सांग की." मी सगळं सांगितलं. सांगायला मिळालं की मला दुसरं काही सुचत नाही.

फतेहपूरच्या अलीकडे, रेतीत

सांभरहून आम्ही सीकर मागे टाकून वर निघालो. यशवंतरावांना ताल छापरच्या अभयारण्यातली काळवीटं बघायची होती. गाडी बांधायला टाकली तेव्हापासून ते त्या काळवीटांबद्दल बोलत होते. वाटेत धुकं असं उतरलं की बॉनेटपुढचं दिसेना. राजस्थानात सूर्याने दांडी मारली. दुसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीला, तेच. सूर्य दुधातल्या बत्ताशासारखा कुठेतरी होता म्हणे. थंडी मात्र खरी होती. नळाचं पाणी हाताला चावत होतं.

फतेहपूरच्या अलीकडे रेतीच्या टेकड्यांमध्ये एक ढाणी लागली. ढाणी म्हणजे शेतातली दोन-चार घरांची वस्ती. पहिल्या घराच्या दारात एक बाई कडबा तोडत होती. तिला विचारलं, तुमच्या शेताच्या कडेला गाडी लावू का. नाव सायर. तिशीची असेल. डोक्यावरच्या पिवळ्या लुगडीचा, म्हणजे ओढणीचा, पदर सावरत ती म्हणाली, "लगा लो सा. रेत आपके बाप की, आसमान आपके बाप का." असा परवाना मला जयपूरच्या पार्किंगमध्ये कधी मिळाला नाही.

सायरची सासू घरात नव्हती. रुसून शेजारच्या घरी जाऊन बसली होती. मी म्हटलं, भांडण झालं की काय. तर सायर खो खो हसली. त्या भागात संक्रांतीला तशी रीतच आहे. सासू मुद्दाम रुसून जाते, मग सून शाल, मिठाई घेऊन, बायकांना जमवून गाणी म्हणत तिला मनवायला जाते आणि हाताला धरून घरी आणते. मला ती रीत फार आवडली. आपल्याकडे सासवा रुसतात त्या बिनमुहूर्ताच्या, आणि मनवायला कुणी गाणी म्हणत नाही. मीही त्यांच्याबरोबर गेले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पदराआड हसत होती. सायरने तिच्या खांद्यावर शाल टाकली, "चालो मां सा" म्हणाली, आणि म्हातारी ऐटीत उठली.

आता माझा पराक्रम. संक्रांत म्हटल्यावर गुळाच्या पोळ्या हव्यात. त्या मी ढाणीत वाटायच्या असंही ठरवून टाकलं. तीळ भाजले, खसखस भाजली, दाणे भाजले आणि सगळं मिक्सरला लावलं. यशवंतराव बाहेरून ओरडले, "मिक्सर नको, बॅटरी." मी म्हटलं, "एक घाणा आहे." एकाचे चार झाले. त्यांचंही काही कमी नव्हतं. सकाळी दाढीला गरम पाणी हवं म्हणून त्यांनी विजेची किटली दोनदा लावली होती, ते मी पाहिलं होतं. धुक्यात पॅनेल नुसतं छपरावर पडून होतं. रेतीवर बसून खाल्लेली गुळाची पोळी काय खमंग लागते ते मात्र कुणाला सांगून कळायचं नाही. सायरच्या सासूने अख्खी पोळी तुपाशी खाल्ली आणि आम्हाला बाजरीची खिचडी पाठवली.

साडेसात वाजले. डिश दक्षिणेला, टीव्ही लावला, शीर्षकगीत सुरू झालं. राउटरचा अँटेना कसाबसा एक दांडी रेंज धरून होता, त्याच्यावरच ताईला फोन लावायचा होता. मी फोन हातात घेतला आणि इन्व्हर्टरने टीं टीं टीं केलं. मग टीव्ही गेला. राउटर गेला. दिवा गेला.

अंधारात यशवंतराव म्हणाले, "चार घाणे."

मी म्हटलं, "दोन किटल्या."

भांडायला वेळ नव्हता. मोबाइलला एकही दांडी नव्हती. मिरजेत ताई ताट घेऊन बसली असणार. थोडा वेळ वाट बघेल, मग ताट झाकेल. मी शाल गुंडाळली आणि सायरच्या घराकडे सुटले. म्हटलं हिच्याकडे टीव्ही आहे, मराठी नाही तर नाही, निदान फोन तरी लागेल. तर ढाणीतली लाइटही गेलेली. सायर चुलीपाशी बसली होती. मी म्हटलं, "सायर, फोन करना है, बहन को. टावर कहां आता है?"

ती उठली, म्हणाली, "छत पे सा," आणि मला शिडीने वर घेऊन गेली. गच्चीच्या कठड्यावर एका कोपऱ्यात खिळ्याला कापडाची पिशवी टांगलेली होती. सायरचा फोन दिवसरात्र तिथेच असतो. नवरा आखातात कामाला. त्याचा फोन आला की ती खालून धावत येते. दुसरीकडे कुठेही रेंज नाही, त्या खिळ्याशी आहे. तिने स्वतःचा फोन काढून पिशवी मला रिकामी करून दिली आणि पाट आणून ठेवला. मी खिळ्याशेजारी कठड्याला टेकून बसले आणि फोन लावला.

"किती उशीर, विजू," ताईने लगेच उचलला. "सुरू झालं की."

माझ्या जिवात जीव आला. "ताई, इथे टीव्ही बंद पडलाय. आज तू बघ आणि मला सांग. जेव आणि सांग."

"मी?" ती म्हणाली.

"मग कोण? रोज मी नाही का बोलत?"

तिने फोन टीव्हीजवळ नेला असावा, कारण मला संवाद ऐकू यायला लागले. नणंद धाकटीला बोलत होती, तेच नेहमीचं. मग बोलणं थांबलं आणि संगीत सुरू झालं. लांबलचक, ढोल आणि बासरी. या मालिकांमध्ये बोलायचं काही उरलं नाही की एकेकाचे चेहरे दाखवत बसतात.

"काय चाललंय गं?" मी विचारलं.

"काही नाही. संगीत चाललंय."

"ते मला इथवर ऐकू येतंय. दिसतंय काय ते सांग. धाकटी घरात आली का? कुठली साडी आहे?"

संगीत संपलं, जाहिरात लागली, साबणाची.

"ताई?"

"छान आहे साडी," ती म्हणाली.

"रंग कुठला?"

आणि मग मला कळायला लागलं. ताईने रंगाला 'छान' म्हणावं, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मनात पाल चुकचुकली. मी हळूच विचारलं, "ताई, तुला टीव्ही दिसतो का?"

वारा इतका थंड होता की मी फोन धरलेला हात शालीत ओढून घेतला.

"उजेड दिसतो," ताई म्हणाली. "कुणी हललं की कळतं. तू सांगतेस ना रोज, तेवढं मला पुरतं, विजू. तू सांगितलंस की दिसल्यासारखं होतं."

मी रडले. कसली लाज, गच्चीवर कोण होतं बघायला. माझी बहीण मिरजेत, जिथे दर वळणावर डॉक्टरची पाटी आहे, तिथे बसून महिनोन् महिने अंधुक उजेडात चाचपडत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिनेच सांगितलं. चष्म्याच्या दुकानदाराने तिला तसं बोलून दाखवलं होतं, आणि तिने शेजारणीलाही शपथ घातली होती.

"डॉक्टरांना दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं की निखिलला कळणार. कळलं की तो मला बंगळूरला नेणार. ऑपरेशनला म्हणून नेईल, आणि मग आई, आता एकटी कशाला राहतेस. त्याचंही चूक नाही गं. पण तिथे त्या उंच इमारतीत मी कुणाशी बोलू? माझं घर इथे आहे. यांच्या हातची जास्वंद इथे आहे. मला कुणी इथून उचलून नेऊ नये, एवढंच."

"अगं पण आंधळी होशील."

"माझ्याच घरात होईन ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "निखिलला सांगू नकोस. आण आहे माझी."

मी म्हटलं, आण घेत नाही, पण एक करते. ऑपरेशन होईपर्यंत मी त्याला सांगणार नाही. झाल्यावर तू स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. आणि आता आधी जेव. तिने घास घेतल्याचं ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.

सायर शिडीपाशी उभी होती. मराठी तिला कुठून कळणार, पण माझा चेहरा दिसला असेल. "बहनजी रूठ गई?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हां, रूठ ही गई समझो."

"तो मना लाओ सा," ती म्हणाली, जणू मिरज शेजारच्या शेतात आहे. "संक्रांत है."

गाडीत येऊन यशवंतरावांना सगळं सांगितलं. ते मेणबत्तीच्या उजेडात खिचडी गरम करत होते. सकाळी मी उठले तर ते छपरावर डिश उतरवत होते.

"काळवीटं?" मी विचारलं.

"ती काही पळून जात नाहीत," ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे पळतात, पण तिथल्या तिथे."

निघताना सायरने एक लोकरीची शाल माझ्या हातात ठेवली. सासूला आणलेल्या दोन शालींपैकी एक, गडद लाल. म्हातारी स्वतःच म्हणाली, घेऊन जा. मी तिला उरलेल्या सगळ्या गुळाच्या पोळ्या दिल्या.

मिरज

मधला प्रवास सांगत नाही. रस्ते, ढाबे, टोलनाके, आणि यशवंतरावांचं 'आता मी चालवतो, तू झोप', जणू इतका वेळ मी चालवत होते. गुजरात ओलांडल्यावर ऊन पडलं आणि बॅटरी शिगोशिग भरली, तेव्हा आम्हाला तिची गरज नव्हती.

ताईच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा ती दारात उभी होती. तिने आधी गाडीला हात लावून पाहिला, मग माझ्या दंडाला. "दोघींपैकी जाड कोण झालीय?" म्हणाली. मी तिच्या खांद्यावर शाल टाकली. तिने काठ बोटांनी चाचपला आणि ती तोंडाजवळ नेऊन वास घेतला. मी तिला सायरच्या सासूची गोष्ट सांगितली, रुसण्याची आणि मनवण्याची. "मग गाणी कुठायत?" ताईने विचारलं. यशवंतरावांनी चहा मागून ती वेळ निभावली.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. तपासून म्हणाले, "आजी, मोतीबिंदू पार पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?"

"मालिका बघत होते," ताई म्हणाली.

एक डोळा आधी झाला. आम्ही अंगणातल्या गाडीत मुक्काम ठोकला. पट्टी निघाली त्या दिवशी ताई घरात कुठे कुठे जाऊन बघत होती. जास्वंदीपाशी गेली, भाऊजींच्या फोटोपाशी गेली, स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी जाऊन "किती मळलीय ही" म्हणाली. मग माझ्यापाशी आली आणि माझ्या गालावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने निखिलला स्वतः फोन केला.

तो शनिवारी आला. चिडलेला होता, घाबरलेलाही होता. आईची बातमी त्याच्यापर्यंत इतकी उशिरा पोहोचली, हे त्याला लागलं होतं. मला तो चांगला मुलगा वाटतो. आल्या आल्या म्हणाला, "आई, आता बस झालं. माझ्याबरोबर चल."

ताई उंबऱ्याशी ताटात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं. म्हणाली, "तुझ्या शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याच दोऱ्याने लावलंय. शर्ट मोतिया आहे, दोरा पांढरा. काढ, लावून देते."

निखिलने खाली बघितलं. मी उभी होते तिथून मला शर्ट पांढरा आणि दोरा पांढरा एवढंच दिसत होतं. मग त्याने शर्ट काढून तिला दिला आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. ताईने एका झटक्यात सुईत दोरा ओवला. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी येणार, असं तो जाताना म्हणाला. बंगळूरला तो एकटाच गेला. आठवड्यातून दोनदा फोन करायचा, आणि ताईने काहीही लपवायचं नाही, एवढं त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं.

दवाखान्याच्या धावपळीत आणि डोळ्याच्या पथ्यात इतके दिवस मालिका राहूनच गेली होती; त्या संध्याकाळी साडेसातला मी आणि ताई तिच्या टीव्हीसमोर बसलो. मांडीवर ताटं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका खोलीत. धाकटी आली, नणंद आली, बरंच संगीत झालं. जाहिरात लागली. मी ताईकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. दोघी गप्प. बोलायला काही सुचेना. मी म्हटलं, "वांगी छान झालीत." ती "हो" म्हणाली. दुसरी जाहिरात लागली तरी तेच.

"विजू," ताई म्हणाली, "तू जा बघू. तुझ्या त्या गाडीत जाऊन बस. इथे समोर बसलीस की मला बोलता येत नाही."

मी ताट घेऊन उठले. अंगणात यशवंतरावांनी न सांगताच गाडीवर डिश लावून ठेवली होती. मी आत जाऊन टीव्ही लावला आणि फोन वाजला. खिडकीतून ताईची खोली दिसत होती, तिचा फोन कानाला, ताट मांडीवर.

"आता सांग," ती म्हणाली. "साडी कुठली आहे?"

"हिरवी," मी म्हटलं.

"हिरवी कसली? मोरपंखी आहे ती, काठ आमसुली. डोळे तपासून घे तुझे."